जुन्या इंजिनाचा आवाज ओळखणारे कान आयटीआयच्या वर्गात आणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी सुरू झाली की आपल्या दैनिकात जुन्या मोटारींच्या फेऱ्यांची छायाचित्रे छापून येतात आणि आमच्या घरी ती कापून जपून ठेवली जातात. चकचकीत रंग, नव्याने क्रोम केलेले बंपर, फेटे बांधलेले मालक हे सगळे त्यांत दिसते. त्या गाडीच्या इंजिनाचा आवाज मात्र छायाचित्रात येत नाही, आणि गाडी खरोखर चालती झाली आहे की नुसती रंगवून उभी केली आहे हे त्या आवाजावरूनच कळते. गेली तीन वर्षे मी एक जुनी स्पोर्ट्‌स कार पुन्हा रस्त्यावर आणण्याच्या कामात आहे. त्या कामात जे शिकायला मिळाले त्यातून एक विनंती मनात तयार झाली असून ती आपल्या वाचकांपुढे, विशेषतः औद्योगिक प्रशिक्षण संस्था चालवणाऱ्यांपुढे ठेवावी म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

माझी गाडी १९५७ सालची एमजीए १५०० आहे. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात एमजीए मालिकेच्या एक लाखाहून थोड्या अधिक गाड्या तयार झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक परदेशी, मुख्यतः अमेरिकेत गेल्या. भारतात त्या काळी आयातीवर कडक निर्बंध असल्याने अशा गाड्या एकेकट्या, कुणातरी व्यक्तीबरोबर आल्या. माझी गाडीही मुंबईतल्या एका परदेशी कंपनीच्या अधिकाऱ्याबरोबर आली, पुढे तिने तीन मालक पाहिले आणि अखेरची बावीस वर्षे ती सांगलीजवळ एका शेडमध्ये उसाच्या पाचटाशेजारी उभी होती. दोन माणसे बसतील एवढीच जागा, दाराला बाहेरून मूठ नाही, पायाखाली प्लायवूडच्या फळ्या, आणि सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या अशी तिची रचना आहे. आज मुलांना हे सगळे नवलाचे वाटते.

पण या परदेशी गाडीच्या बॉनेटखाली जे इंजिन आहे ते आपल्या माणसांच्या हाताखालून हजारो वेळा गेलेले आहे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज इंजिनाची १४८९ घन सेंटिमीटरची जी आवृत्ती एमजीए १५०० मध्ये बसवली होती, तीच आवृत्ती १९५९ च्या सुमारास हिंदुस्थान मोटर्सने अँबॅसेडरमध्ये आणली. बोर (सिलिंडरचे भोक) तोच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) तोच, क्रँकला, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, तीनच मेन बेअरिंगा. एमजीएमध्ये दोन एसयू कार्ब्युरेटर, अधिक कॉम्प्रेशन आणि वेगळा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा) असल्याने तिची ताकद ६८, पुढे ७२ अश्वशक्ती होती आणि अँबॅसेडरची त्याहून कमी. पण हाडापेराने दोन्ही इंजिने सख्खी भावंडे आहेत. जिल्हाधिकाऱ्यांपासून साखर कारखान्याच्या अध्यक्षांपर्यंत सगळ्यांच्या पांढऱ्या अँबॅसेडर ज्यांनी सांभाळल्या, त्या कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या मेस्त्रींना हे इंजिन डोळे मिटूनही ठाऊक असते. हे मला फार उशिरा कळले, आणि त्याआधी काय घडले ते सांगणे आवश्यक आहे.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा इंजिन जाम नव्हते. प्लग काढून बोरमध्ये तेल सोडले, चार दिवस मुरू दिले आणि पुढून हँडल घालून हाताने फिरवले तेव्हा ते फिरले. टाकी, पाइप, कार्ब्युरेटर साफ करून पंधरवड्याने ते सुरूही झाले. पण वाजत होते. वरून एक कोरडी टकटक आणि खालून, निदान मला खालून वाटली अशी, एक जड ठकठक. मी आयुष्यभर कोल्हापूरच्या उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम केले आणि पुढे स्वतःचे छोटे मशीन शॉप चालवले. मायक्रोमीटरवर काय दिसते ते मला वाचता येते, पण चालत्या इंजिनातून येणारा आवाज वाचण्याची सवय मला नव्हती. म्हणून मी गाडी ट्रकवर घालून एका मोठ्या शहरातल्या, जुन्या गाड्यांसाठी नावाजलेल्या गॅरेजमध्ये नेली. तिथे इंजिन जेमतेम एक मिनिट चालवले गेले. कुणी बॉनेटमध्ये वाकले नाही, ऑइल प्रेशरच्या काट्याकडे पाहिले नाही, एकही प्लगची वायर काढून बघितली नाही. ‘बॉटम गेला आहे, क्रँक उतरवून पूर्ण इंजिन बांधावे लागेल,’ असे सांगून अडीच लाखांचे अंदाजपत्रक हातात दिले गेले, आणि एवढा खर्च करायचा नसेल तर एखाद्या नव्या गाडीचे जपानी इंजिन बसवून देतो, असा दुसरा पर्यायही पुढे ठेवला गेला. त्या गॅरेजचे नाव मला इथे घ्यायचे नाही, कारण हा दोष एका गॅरेजपुरता नाही. आवाज आला की इंजिन उघडायचे, ही रीतच आता सगळीकडे पडली आहे.

गाडी परत आणली आणि उद्यमनगरातल्या एका जुन्या ओळखीच्या मेस्त्रींना बोलावले. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे आहे आणि त्यांची पस्तीस वर्षे अँबॅसेडरखाली गेली आहेत. त्यांनी येताना हत्यारांची पेटी आणली नाही. एक लांब स्क्रू ड्रायव्हर, रबरी नळीचा हातभर तुकडा आणि खिशात फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पाती), एवढेच घेऊन ते आले. इंजिन थंड होते. त्यांनी ते सुरू करायला सांगितले आणि पहिली पाच मिनिटे काही न करता फक्त शेजारी उभे राहून ऐकले. थंड असताना कोणता आवाज आहे, तापताना कोणता कमी होतो आणि पुरते तापल्यावर कोणता उरतो, या एका निरीक्षणावर अर्धे निदान उभे असते, हे मला त्या दिवशी समजले. पिस्टन बोरमध्ये सैल झाला असेल तर तो थंडपणी थापटल्यासारखा वाजतो आणि ॲल्युमिनियम तापून फुगले की गप्प होतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे, पॅकिंग फुटले असेल तर तीही टिकटिक थंडपणी मोठी असते आणि तापल्यावर फट मिटून विरत जाते. बेअरिंग झिजले असेल तर नेमके उलट घडते, कारण तेल तापून पातळ झाल्यावरच तो ठोका उघडा पडतो.

दुसरी गोष्ट लयीची. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट एकदा फिरतो, म्हणून टॅपेट, रॉकर, पुशरॉड या व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा आवाज क्रँकच्या निम्म्या गतीने येतो आणि पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड किंवा मेन बेअरिंग यांचा आवाज क्रँकच्या पूर्ण गतीशी बांधलेला असतो. मुरलेल्या कानाला हा फरक आपोआप कळतो. ज्याला कळत नाही त्याच्यासाठी मेस्त्रींनी टायमिंग लाइटची युक्ती दाखवली. दिवा एका प्लगच्या वायरीला जोडला की क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना तो एकदा चमकतो. चमकेगणिक एक ठोका पडत असेल तर दोष वरच्या मजल्यावर, दोन पडत असतील तर खालच्या. इतकी साधी गोष्ट, पण ती मला चाळीस वर्षांच्या कामात कुणी सांगितली नव्हती आणि त्या मोठ्या गॅरेजमध्येही कुणी केली नव्हती.

त्यानंतर त्यांनी एकेक प्लग बंद करून पाहिला. प्लग बंद केला की त्या सिलिंडरमधला स्फोट थांबतो आणि रॉडवरचा भार उतरतो. बिग एंडचे (रॉडच्या क्रँककडच्या टोकाचे) बेअरिंग सैल असेल तर त्या सिलिंडरचा ठोका लगेच मऊ पडतो. गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी) सैल असेल तर उलट तो दुहेरी होतो. मेन बेअरिंगचा आवाज एक प्लग काढून फारसा बदलत नाही. शेजारचे दोन काढले तर उतरतो, आणि तो कानापेक्षा पायाखालच्या फळीतून अंगाला जास्त जाणवतो. माझ्या इंजिनात चारही प्लग आळीपाळीने बंद केले तरी ती जड ठकठक तशीच राहिली. ऑइल प्रेशरचा काटा तापलेल्या इंजिनावर रेस दिल्यावर पन्नासच्या वर आणि सावकाश चालताना वीसच्या आसपास स्थिर होता. बेअरिंगा गेलेल्या इंजिनाला असा दाब धरता येत नाही. मेस्त्री म्हणाले, ‘‘साहेब, ह्यो आवाज खालनं न्हाई. आधी बेल्ट काढा.’’

फॅन बेल्ट काढून इंजिन पुन्हा सुरू केले, आणि ठकठक थांबली. मी तिथे उभा होतो आणि मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. पाणी फिरत नसल्याने अर्ध्या मिनिटातच इंजिन बंद केले, पण तेवढा वेळ पुरेसा होता. त्याच बेल्टने फिरणाऱ्या, बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोच्या पुलीत दोष निघाला. पुली आणि शाफ्ट यांच्यामधली अर्धचंद्राकृती चावी झिजून पुलीतला खाचा रुंद झाला होता आणि सावकाश गतीला पुली शाफ्टवर पुढेमागे आदळत होती. तो ठोका डायनामोच्या ब्रॅकेटमधून ब्लॉकमध्ये उतरत असल्याने थेट क्रँकमधून आल्यासारखा वाटत होता. मी लेथवर पुली बसवून बोर साफ केला, नवी चावी घडवली आणि नट घट्ट केला. अडीच लाखांच्या ‘बॉटम’चे काम माझ्याच दुकानात एका दुपारी झाले.

वरची टकटक मात्र खरी होती आणि तिने आम्हाला जास्त शिकवले. टॅपेटची, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली, फट त्या गॅरेजला जाण्याआधी मी स्वतः मॅन्युअलबरहुकूम लावली होती. या इंजिनात नऊच्या बेरजेने टॅपेट लावतात, म्हणजे आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिल्याची फट लावायची, सातवा उघडा असताना दुसऱ्याची, अशा रीतीने प्रत्येक जोडीची बेरीज नऊ येते. ही पद्धत मी बिनचूक पाळली होती, तरीही इंजिन टकटकत होते. मेस्त्रींनी रॉकर कव्हर काढले आणि माझ्या हातात एक रॉकर देऊन त्याच्या टोकावरून नखाने फिरवायला सांगितले. व्हॉल्व्हच्या दांड्यावर जिथे रॉकर दाबतो तिथे, बरोबर त्या दांड्याच्या गोलाईएवढा, वाटीसारखा खड्डा पडलेला होता. फीलर गेजची पात रुंद असल्याने ती त्या खड्ड्यात न उतरता दोन्ही काठांवर टेकत होती. म्हणजे मी मोजली ती फट काठांपासूनची होती, आणि प्रत्यक्षात खड्ड्याच्या तळापर्यंतचे अंतर त्याहून आठ थाऊ अधिक होते. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आठ थाऊ डोळ्याला दिसतसुद्धा नाहीत, पण मिनिटाला शेकडो वेळा तेवढ्या उंचीवरून लोखंड लोखंडावर आपटले की ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येते. ज्याने आयुष्यभर मोजमापावर भरवसा ठेवला त्याला, नीट घेतलेले मापही चुकू शकते आणि कान ते पकडतो, हे त्या खड्ड्यावर बोट ठेवूनच पटले.

रॉकर शाफ्ट बाहेर काढला तेव्हा वरून तो आरशासारखा गुळगुळीत होता. उलटा केला तर प्रत्येक रॉकरखाली पायरी पडलेली होती. पुशरॉड एका बाजूने आणि व्हॉल्व्हची स्प्रिंग दुसऱ्या बाजूने रॉकरला वर ढकलतात, म्हणून शाफ्ट नेहमी खालच्या अंगाने झिजतो, आणि वरून बघणाऱ्याला तो नवाकोरा वाटतो. त्यातली तेलाची छिद्रे जुन्या गाळाने बुजलेली होती. अँबॅसेडरचे जुने सुटे भाग विकणाऱ्या दुकानात नवा शाफ्ट मिळाला, रॉकरच्या ब्राँझच्या बुश मी स्वतः लेथवर काढून बसवल्या आणि टोकांवरचे खड्डे घासून मूळ गोलाई परत आणली. मेस्त्रींनी पुन्हा स्क्रू ड्रायव्हरचे टोक रॉकर पेडेस्टलवर आणि मूठ कानाला लावून ऐकले, तेव्हा टकटक जाऊन शिवणयंत्रासारखी एक बारीक, सारखी चाल उरली होती. जुन्या टॅपेटच्या इंजिनाने तेवढे बोललेच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते योग्य आहे. अगदी मुके झालेले टॅपेट बहुधा फट उरली नसल्याचे लक्षण असते आणि असा व्हॉल्व्ह पुरता न मिटल्याने जळतो.

अजून एक आवाज राहिला होता, तोही सांगतो, कारण त्याची फसवणूक या इंजिनाच्या रचनेतच आहे. बी-सिरीजमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट ही दोन्ही मॅनिफोल्ड डाव्या बाजूला आहेत आणि टॅपेट कव्हरही त्याच बाजूला, त्यांच्या खालीच आहेत. त्यामुळे मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून सुटणारी हवा आणि टॅपेटची टकटक एकाच जागेतून येतात असे वाटते. मेस्त्रींनी रबरी नळीचे एक टोक कानात धरून दुसरे टोक पॅकिंगच्या कडेने सावकाश फिरवले. मधल्या पोर्टपाशी आल्यावर त्यांनी नळी माझ्या कानाला लावली. तिथे ठोका नव्हता, हवेची ‘फुस’ होती. पॅकिंग बदलल्यावर सकाळच्या पहिल्या मिनिटातली ती टिकटिक गेली. (किल्ली फिरवल्याबरोबर सीटच्या मागून जी टकटक येते ती इंजिनाची नव्हे, एसयूच्या इलेक्ट्रिक पेट्रोल पंपाची असते, फ्लोट चेंबर भरली की ती आपोआप थांबते. ही गाडी पहिल्यांदा पाहणारे लोक तिनेही घाबरतात.)

एवढे झाल्यावर आम्ही तेल काढून पांढऱ्या कापडातून गाळले. बेअरिंगच्या धातूचे चकाकणारे कण त्यात नव्हते. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन एकमेकांच्या दहा पौंडांच्या आत आले. इंजिन न उघडण्याचा निर्णय आम्ही तेव्हा घेतला आणि ते आजही न उघडलेलेच चालते आहे.

रेस्टोरेशन करणाऱ्या मित्रांना माझे सांगणे आहे की, गाडी खोलायला घेण्याआधी, ती चालण्याजोगी असेल तर, तिचे इंजिन जागच्या जागी ऐकून घ्या. बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी सारी गाडी सुटी होते, डबे भरतात आणि इंजिन बेंचवर जाते. सुटे झालेले इंजिन काही सांगत नाही. त्याचा दाब, त्याची तापतानाची चाल, भाराखालचा आवाज हा सारा पुरावा त्या दिवशी पुसला जातो आणि मग जे भाग चांगले होते तेही संशयाने बदलले जातात. क्रँक विनाकारण घासून दहा थाऊ बारीक केला तर तो परत जाड होत नाही. जुन्या इंजिनाला असे घासण्याचे मोजकेच प्रसंग असतात, आणि प्रत्येक अनावश्यक घासण्याने त्याचे आयुष्य एका पायरीने कमी होते.

बॉडीच्या कामाबद्दल थोडेच लिहितो, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. एमजीएची दारे, बॉनेट आणि डिकीचे झाकण यांवरचा पत्रा ॲल्युमिनियमचा आणि बाकी बॉडी लोखंडी पत्र्याची आहे, म्हणून दोन धातूंच्या सांध्यात पाणी साचून गंज जास्त धरतो. खरी कीड मात्र सिलमध्ये, म्हणजे दारांखालच्या उंबरठ्यासारख्या पट्टीत, असते. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे अँगल वेल्ड करून ठेवले नाहीत तर बॉडी आत झुकते आणि नंतर दार कधीच नीट लागत नाही. माझ्या गाडीत आधीच्या कुणीतरी कुजक्या सिलवर बोटभर जाड लांबी (पुट्टी) भरून रंग दिला होता. छायाचित्रात तीही सुंदर दिसली असती. आमच्या पत्राकाम करणाऱ्या टिंकरने ती लांबी हातोडीने पाडली तेव्हा आत पाचटाची धूळ आणि गंजाचा भुगा याशिवाय काही नव्हते. नवे सिल त्याने हातोडी आणि डॉलीवर आठवडाभर बसून घडवले, आणि आज ते दार दोन बोटांनी ढकलले की मिटते.

त्या गॅरेजने सुचवलेल्या जपानी इंजिनाबद्दल मात्र वाचकांनी सावध राहावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांनुसार, पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांची ‘व्हीए’ अक्षरांच्या क्रमांकाने व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीसाठी वीस हजार आणि पुनर्नोंदणीसाठी पाच हजार रुपये शुल्क असून तिची मुदत दहा वर्षे असते. पण त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात असावे लागते. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेला चालत नाही. म्हणजे आवाजाच्या चुकीच्या निदानापायी जो मालक इंजिन बदलून घेतो, तो गाडीचा जीव तर काढून घेतोच, शिवाय ती व्हिंटेज ठरण्याचा मार्गही स्वतःच्या हाताने बंद करतो. अनेकांना हे पैसे देऊन झाल्यावर कळते. आरटीओ कार्यालयांनी आणि जुन्या गाड्यांच्या संघटनांनी ही अट ठळकपणे लोकांसमोर ठेवली पाहिजे.

आता मूळ विनंतीकडे येतो. अँबॅसेडरमध्ये १९९० च्या दशकात इसुझूचे इंजिन आले आणि बी-सिरीज हळूहळू मागे पडले; २०१४ साली पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसेडरचे उत्पादनच थांबले. म्हणजे बी-सिरीजवर ज्यांचे हात आणि कान तयार झाले ते मेस्त्री आज साठीच्या पुढे, बरेचसे सत्तरीत आहेत. त्यांच्यापैकी फार थोड्यांनी आपले ज्ञान कागदावर उतरवले आहे आणि त्यांच्या मुलांनी, अगदी रास्त कारणांनी, वेगळे व्यवसाय धरले आहेत. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तिथली मुले आज स्कॅनर लावून दोषाचा क्रमांक वाचायला शिकतात आणि नव्या गाड्यांसाठी ते अत्यावश्यकच आहे. पण डायनामोच्या पुलीतली झिजलेली चावी कोणताही स्कॅनर सांगत नाही, नव्या गाडीतही नाही. नव्या गाडीतला टेन्शनर, पाण्याच्या पंपाचे बेअरिंग, सैल झालेली हीट शील्ड हे सगळे आजही आवाजानेच आधी कळते, म्हणून हे शिक्षण केवळ हौशी मालकांच्या कामाचे आहे असे कुणी समजू नये.

माझी सूचना अशी की, प्रत्येक जिल्ह्यातल्या निदान एका आयटीआयने भंगारातून एक बी-सिरीज इंजिन घेऊन ते लोखंडी स्टँडवर चालते करावे. अशी इंजिने अजून मिळतात आणि त्यांची किंमत फार नाही. मग एखाद्या निवृत्त मेस्त्रींना मानधन देऊन महिन्यातून दोन दिवस बोलवावे. त्यांनी वर्ग सुरू होण्याआधी त्या इंजिनात मुद्दाम एकेक दोष करून ठेवावा: एखादा टॅपेट दहा थाऊ सैल, एखादा पॅकिंगचा बोल्ट ढिला, डायनामोची पुली हलती, डिस्ट्रिब्युटर थोडा पुढे फिरवून भाराखाली येणारी खळखळ. मुलांनी पाना हातात न घेता, फक्त स्क्रू ड्रायव्हर, नळी आणि टायमिंग लाइट यांवर दोष ओळखून वहीत कारणासह लिहावा, आणि मगच झाकण उघडून आपले म्हणणे पडताळावे. आवाज ध्वनिमुद्रित करून दाखवणे उपयोगी आहे, मीही काही करून ठेवले आहेत. पण मूठ कानाच्या हाडाला टेकवल्यावर दांड्यातून जे येते आणि तळपायाला जे जाणवते ते मोबाइलमध्ये उतरत नाही. ते चालत्या इंजिनाशेजारी, जाणत्या माणसाच्या बरोबरीने उभे राहूनच शिकावे लागते.

मानधनाचा मुद्दा मी मुद्दाम लिहिला आहे. या लोकांना आपण ‘मार्गदर्शन करा’ म्हणून बोलावतो, शाल-श्रीफळ देतो आणि रिक्षाचे भाडेही विचारत नाही. माझ्याकडे आलेल्या मेस्त्रींनी पैशाचा विषय काढला नाही, मी दिले तेव्हा निम्मे परत केले. तो त्यांचा मोठेपणा झाला. संस्थेने त्यावर विसंबू नये. ज्या माणसाने अर्ध्या तासात अडीच लाखांचा चुकीचा खर्च वाचवला त्याच्या विद्येची किंमत अभ्यासक्रमाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीने दिसली पाहिजे.

माझ्या बाजूने मी इतके करू शकतो. कोल्हापूर किंवा सांगली जिल्ह्यातली कोणतीही आयटीआय असा वर्ग सुरू करणार असेल तर माझी गाडी, थंड इंजिनासह, ठरलेल्या दिवशी सकाळी आठ वाजता त्यांच्या आवारात उभी असेल. सोबत तो जुना रॉकर शाफ्ट आणि पुलीची ती झिजलेली चावी मी एका डब्यात तेल लावून ठेवली आहे. ती त्या वर्गाला कायमची देईन. मेस्त्रींनीही यायचे कबूल केले आहे. त्यांची अट एकच आहे, की मुलांनी पहिली पाच मिनिटे कुणीही बोलायचे नाही.

आपला नम्र,
एक वाचक,
कोल्हापूर